वर्गणी नव्हे, पट्टी



आज आम्ही वाईनच्या द्राक्षांवर बोलणार आहोत. हे सांगितल्यावर केंद्रातल्या ताईंनी आमच्याकडे जरा वळूनच बघितलं. त्यांचंही बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी याच माइकसमोर बसून आम्ही आडव्या बाटलीवर बोललो होतो. दुकान बंद करायचं तर नुसतं हो म्हणून भागत नाही, घराबाहेर पडून शिक्का मारावा लागतो, आणि जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीच्याच पारड्यात गेल्यासारखं होतं, हे तेव्हा आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो. आणि आज त्याच आम्ही वाईनच्या द्राक्षांचं बोलतोय.

तर आधीच सांगून टाकतो. वाईन चांगली की वाईट, ती किराणा दुकानात मिळावी की नाही, यावर आमच्या गटांत एकमत नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत दोन तास नुसती भांडणं झाली. एकीच्या घरी वाईनच्या द्राक्षांचा दीड एकर, तर दुसरीचा नवरा दारूनं गेलेला. दोघी एकाच सतरंजीवर. त्या दिवशी ठराव काहीच झाला नाही, चहा मात्र दोनदा झाला. तो वाद आज उकरायचा नाही. द्राक्ष लावणाऱ्यांनी आपल्या धंद्यासाठी एकत्र पैसा कसा उभा करावा, आणि तो उभा करताना बायांना कुठे मोजावं, एवढंच आज बोलायचं आहे.

आमचा भाग दिंडोरी-निफाडकडचा. खाण्याच्या द्राक्षाची बाग तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फेलफूट काढा, शेंडे मारा, विरळणी करा, औषधाच्या पाण्यात घड बुडवा. यातलं बरंचसं काम बाईच्या हातचं. वाईनच्या द्राक्षाला यातलं पुष्कळ काही लागत नाही. मणी बारीक, बियांचा आणि जाड सालीचा हवा असतो. त्याला फुगवायचं नाही, विरळायचं नाही. मालकाला हे स्वस्त पडतं, पण मजुरीला जाणाऱ्या बाईचे रोज तेवढे कमी होतात. वाईनच्या द्राक्षाचे फायदे सांगणारे हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगून ठेवतो.

दुसरा फरक विकण्यातला. खाण्याची द्राक्षं एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा येतो. अगदीच नाही जमलं तर ओट्यावर बेदाणा करता येतो. वाईनच्या शिराज किंवा कॅबरनेच्या घडाला वायनरीशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. बाजारात नेली तर पोरंसुद्धा तोंडात टाकून थुंकतात, नुसत्या बिया. म्हणून करार असतो. करारात भाव असतो, शुगर किती भरली पाहिजे ते असतं, आणि तोडणी कधी करायची ते वायनरी ठरवते.

आमच्या एका गटातल्या ताईंचं उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, त्या ऐकत असतील. २००१ साली राज्य सरकारचं वाईनचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क निघालं, त्याआधी गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाची पहिली बाग लागून गेलीच होती. मग वायनऱ्या भराभर वाढल्या. ताईंच्या घरच्यांनीही कर्ज काढून एक एकर लावलं. पुढे २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईन टाक्यांमध्ये पडून राहिली. त्याची झळ पुढचे दोन हंगाम आमच्याकडे पोचत होती. करार केलेल्या वायनरीने ताईंना आज तोडू, उद्या तोडू म्हणत पंधरा दिवस लोंबकळत ठेवलं. घड सुकायला लागले. शेवटी अर्धा माल घेतला, तोही शुगरचं कारण काढून भाव पाडून, आणि पैसे दिले दीड वर्षांनी, तुकड्यातुकड्यांनी. त्या काळात कितीतरी लोकांनी वाईनच्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. ताईंनी काढली नाही, कारण काढायलाही मजुरी लागत होती. त्या वर्षीच्या वजनाच्या चिठ्ठ्या त्यांनी अजून साखरेच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यात.

आता गेल्या उन्हाळ्याचं. खरड छाटणी उरकल्यावर गावात मारुतीच्या सभामंडपात वाईनच्या द्राक्षवाल्यांची बैठक झाली. एकतीस बागायतदार. विषय असा की आपण एकेकटे वायनरीच्या दारात जातो म्हणून आपलं कोणी ऐकत नाही, तर थोडे थोडे पैसे काढून फंड करू. त्या फंडातून शुगर मोजायचं यंत्र, वजनाला उभा राहणारा आपला माणूस, माती-पाण्याच्या तपासण्या, जमलं तर पुढे आपल्या भागाच्या नावाची जाहिरात. कल्पना सगळ्यांना पटली. किती काढायचे यावर घोडं अडलं. कोणी म्हणालं, ज्याला जेवढे जमतील तेवढे. लगेच दुसरा म्हणाला, म्हणजे मी द्यायचे आणि काटा सगळ्यांचा नीट व्हायचा.

मैत्रिणींनो, हा दुसरा माणूस खरं बोलला. याला आपल्याकडे शब्दही आहेत. वर्गणी वेगळी आणि पट्टी वेगळी. गणपतीची वर्गणी ज्याची इच्छा त्याने द्यायची. यात्रेची पट्टी मात्र घरटी बसते. कोणी दिली नाही तर त्याच्या दारात पंच जाऊन बसतात, आणि यात्रा झाली की पै-पैचा हिशोब देवळापुढे वाचतात. आपल्या बचत गटाचंही तेच. ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात बचत करा असं म्हटलं असतं तर एक तरी गट टिकला असता का? ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस, उशीर झाला तर दंड, आणि वही सगळ्यांसमोर. पंचसूत्री आपण कोळून प्यायलोय. सभामंडपातल्या पुरुषांना मात्र ती नवी होती.

त्या बैठकीला आम्हा बायांना बोलावणं नव्हतं. आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून ऐकत होतो. आमच्यातली एक न राहवून म्हणाली, ‘पट्टी बसवा, मालावर बसवा, आणि वही आमच्याकडे द्या.’ आतून एक आवाज आला, ‘बाटली आडवी करायची तुम्हीच, आणि आता वाईनचा हिशोबही तुम्हीच ठेवायचा का?’ सगळे हसले. खोटं कशाला सांगायचं, आम्हाला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आम्ही घरी आलो.

उत्तर शोधता शोधता एक गोष्ट हाती लागली. आमच्या एका सदस्येचा भाचा शेतीचं शिकायला कॅलिफोर्नियात आहे, डेव्हिस नावाच्या गावी. द्राक्ष आणि वाईनचं शिक्षण देणारं मोठं विद्यापीठ तिथे आहे. त्याला फोन लावला आणि हा सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्ही जे भांडताय ते इथून तासाभरावरच्या लोडायच्या शेतकऱ्यांनी १९९१ सालीच भांडून मिटवलंय.’ मग दोन-तीन रविवार त्याने आम्हाला फोनवर शिकवलं.

लोडाय हे सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, मोकेलमी नदीच्या काठचं गाव. जमीन वाळूसर. वेलीची मुळं खाणारी फायलोक्झेरा नावाची कीड वाळूत फारशी जगत नाही, त्यामुळे तिथे शंभर वर्षांच्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे जसं डॉगरिजच्या खुंटावर कलम करावं लागतं तसं त्यांना करावं लागलं नाही. फार पूर्वी हे गाव खाण्याच्या द्राक्षासाठी प्रसिद्ध होतं. टोके नावाचं लालभडक, मोठ्या मण्याचं, बियांचं द्राक्ष. १९०७ मध्ये त्या द्राक्षाच्या नावाने त्यांनी जत्रा भरवली आणि गावाच्या तोंडाशी कमान बांधली, ती कमान आजही उभी आहे. पुढे बिनबियांची द्राक्षं आली आणि टोके मागे पडलं. आपल्याकडे थॉमसन आल्यावर भोकरी गेली तसंच. आमच्या सासूबाई अजून भोकरीच्या चवीची आठवण काढतात.

मग लोडायचे शेतकरी वाईनच्या द्राक्षाकडे जास्त वळले. झिनफंडेल, कॅबरने, शार्डोने. माल किती? नापा आणि सोनोमा या दोन नावाजलेल्या भागांत मिळून जेवढी द्राक्षं निघतात त्याहून जास्त एकट्या लोडाय भागात निघायची. पण नाव नाही. मोठ्या कंपन्या टँकर भरून न्यायच्या, दुसऱ्या मालात मिसळायच्या आणि बाटलीवर नुसतं ‘कॅलिफोर्निया’ छापायच्या. नाव नाही म्हणून भाव नाही. गावात स्वतःच्या वायनऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्या बाईसारखी गत. घरातलं निम्मं काम तिचं, आणि दारावरची पाटी दुसऱ्याची.

१९९१ साली तिथल्या बागायतदारांनी मतदान करून ठरवलं की आपण आपल्यावरच पट्टी बसवायची. त्यातून लोडायचं वाईनद्राक्ष मंडळ उभं राहिलं. सरकारचं अनुदान घ्यायला काढलेलं हे मंडळ नव्हे, पैसा शेतकऱ्यांचाच. माल विकला की त्याच्या किमतीवर शेकडा एक डॉलरपेक्षाही कमी कपात, आणि ती द्राक्ष घेणारी वायनरी बिलातूनच कापून मंडळाकडे भरते. उसाच्या बिलातल्या कपाती आपल्याला माहीत आहेत, म्हणून कपात म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. फरक इतकाच की ही कपात आधी मत देऊन लावलेली. मंडळावर बसतात ते बागायतदार, निवडून देतात तेही बागायतदार. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा मतदान की हे मंडळ ठेवायचं की मोडायचं.

मतदान कसं, हे आम्ही खोदून खोदून विचारलं, कारण आमचं भांडण तिथेच होतं. सभामंडपात बावीस एकरवाला म्हणत होता, माझा माल जास्त, माझं मत जास्त. अर्ध्या एकरवाला म्हणत होता, माणूस एक, मत एक. कॅलिफोर्नियात अशा मंडळांच्या कायद्यात नेहमी घालतात ती तोड ऐका. दोन चाळण्या. पहिलीत डोकी मोजायची आणि दुसरीत माल. दोन्हींत निम्म्याच्या वर मतं पडली पाहिजेत, आणि दोन्हींपैकी एकीत तरी शेकडा ६५ पडली पाहिजेत. शिवाय शंभरातले चाळीस बागायतदार मतदानाला आलेच पाहिजेत. म्हणजे चार बडे मिळून पट्टी लादू शकत नाहीत, आणि चाळीस लहान मिळून सगळा बोजा बड्यांवर ढकलू शकत नाहीत. आणि एकदा पास झालं की विरोधात मत देणाऱ्यालाही पट्टी भरावी लागते. चांगल्या काट्याचा फायदा त्यालाही मिळणारच ना!

पहिली काही वर्षं पैसा दोन गोष्टींत गेला. लोडायचं नाव लोकांपर्यंत नेणं, आणि बागेतली कीड. आम्हाला दुसरी जास्त आवडली. कीड दिसायच्या आधीच फवारे मारण्याऐवजी पानं मोजून, कीड मोजून मगच औषध मारायचं, हे मंडळाने बागेबागेत जाऊन शिकवलं. उंदीर-घुशींसाठी बागेत घुबडांची खोकी टांगली. २००० साली त्यांनी एक वही छापली. त्यात शेतकऱ्याने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे की मी पाणी कसं देतो, औषध कसं मारतो, मजुरांना कसं वागवतो. आणि २००५ मध्ये त्यातून ‘लोडाय रूल्स’ नावाचे नियम झाले. आता गुण शेतकऱ्याने स्वतः द्यायचे नाहीत, बाहेरचा माणूस येऊन तपासतो. जो पास होतो त्याच्या द्राक्षाची वाईन ती खूण लावू शकते. आज लोडायमध्ये ऐंशीच्या वर वायनऱ्या आहेत आणि बाटलीवर लोडाय हे नाव ठळक छापलेलं असतं.

सगळं गोडच झालं असं नाही. त्याच राज्यात मेंडोसिनो नावाच्या जिल्ह्यात असंच मंडळ निघालं आणि थोड्याच वर्षांत तिथल्या लोकांनी मतदान करूनच ते मोडलं. पैसे देणाऱ्याला त्याचा उपयोग दिसला नाही तर असं होणारच, आणि मोडता येतं हे आमच्या मते चांगलंच आहे. लोडायमध्येसुद्धा गेल्या दोन-तीन वर्षांत दिवस वाईट आलेत. लोक वाईन कमी प्यायला लागले, बाहेरून स्वस्त वाईन येते, द्राक्षं वेलीवर तशीच राहिली आणि जुन्या बागा उपटल्या गेल्या. भाचा म्हणाला, रस्त्याच्या कडेला उपटलेल्या वेलींचे ढीग जळताना त्याने पाहिले. हे ऐकून आमच्या ताई गप्पच झाल्या. त्यांना आपले ते दोन हंगाम आठवले असणार. पट्टीने नाव मिळतं, काटा सरळ होतो, पण पिणारा कमी झाला तर पट्टी काय करणार?

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचं आम्हाला काय सांगता? आपल्याकडेही हे झालंय. द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या सुमाराचा, पुण्याचा. तो शेतकऱ्यांनीच उभा केला, आणि छाटणी आली की त्यांच्या चर्चासत्राला आपली माणसं गाड्या भरून जातात. आणि ज्या १९९१ साली लोडायचं मंडळ निघालं त्याच वर्षी आपल्या द्राक्ष सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढली, युरोपला माल पाठवण्यासाठी. म्हणजे अक्कल आपल्याला उशिरा आली असं नाही. पण ते सगळं खाण्याच्या द्राक्षाचं. वाईनच्या द्राक्षासाठी २००९ मध्ये केंद्राने पुण्याला मंडळ स्थापलं, ते सरकारी पैशाचं. तिथे आमच्यासारख्या एक-दीड एकरवाल्याचं ना पट्टीत नाव, ना मतात.

आणि नाव म्हणजे काय याचा धडा आपल्याला २०१० ने दिलाच आहे. वेलीची वाढ रोखायला वापरतात ते क्लोरमेक्वाट, आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचा अंश युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत सापडला आणि कंटेनर अडकले. ज्यांनी ते औषध बागेला लावलंही नव्हतं त्यांचाही भाव कोसळला. त्या हंगामात शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणं बंद झालेलं आम्ही पाहिलंय. आता तर ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाव सगळ्यांचं मिळून एक. मग त्या नावाच्या राखणीचा खर्च ज्याच्या मनात येईल त्याने करायचा का?

हे सगळं घेऊन आम्ही दुसऱ्या बैठकीला गेलो. या वेळी पायरीवर बसलो नाही, आत गेलो. आणि गेल्या वेळच्या टोमण्याला आम्ही वाद घातला नाही. गटाच्या अकरा वर्षांच्या वह्या नेल्या होत्या, त्या मध्ये ठेवल्या. एकाने चाळायला घेतल्या. त्याच्याच बायकोचं कर्ज आणि परतफेड त्याला त्यात सापडली. किती व्याज भरलं तेही. त्याला ते माहीत नव्हतं! वही बायांकडे द्यायला मग कोणी नाही म्हटलं नाही.

खरा अडसर पुढे आला. दोन चाळण्यांचं मतदान सगळ्यांना आवडलं. डोकी मोजायची ठरली. मग आम्ही विचारलं, डोकं कोणाचं मोजणार? उत्तर आलं, सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं. एकतीस बागांमध्ये बाईचं नाव सातबाऱ्यावर आहे अशा चार. त्यातल्या दोघी विधवा. बाकी सत्तावीस बागांत छाटणीपासून क्रेट भरण्यापर्यंत बाई आहे, मतदानात नाही. म्हणजे वही आमची, घाम आमचा, आणि मत तुमचं.

आम्ही भाच्याला हेही विचारलं होतं, की लोडायमध्ये बायांना मत असतं का. तो म्हणाला, बाग जिच्या नावावर तिला असतं. आणि मजुराला? मजुराला नसतं. तिथे वेलीखाली वाकून काम करणाऱ्या बऱ्याचशा मेक्सिकोहून आलेल्या बाया आणि पुरुष आहेत, आता तर बरीच तोडणी यंत्रानेच होते. मंडळ बागायतदारांचं. मजुरांना कसं वागवता याला नियमांच्या वहीत गुण आहेत, पण ते गुण ठरवताना मजूर बाई नसते. तेव्हा लोडायची नक्कल करायची तर ही खोटही तशीच उचलायची का, यावर आमचं अजून चाललंय. मजुरीच्या बायांना मत कसं द्यायचं याचं चांगलं उत्तर आमच्याकडे नाही. निदान त्यांचे रोज किती कमी झाले ते वहीत लिहायचं एवढं ठरलंय.

सातबाऱ्याचं मात्र करता येण्यासारखं आहे. १९८६ मध्ये आपल्या जिल्ह्यातच चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं. आमच्यातल्या काहींच्या सासवा बैलगाडीतून गेल्या होत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ आली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमिनी केल्या, आणि १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. अडचण एकच, अर्ज नवऱ्याने करायचा असतो.

म्हणून बैठकीत आम्ही अट घातली. मत बागेला एक, पण सही दोघांची. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, घरातल्या बाईची सही नसेल तर ते मत बाद. यावर पाऊण तास गोंधळ झाला. एक जण तर चप्पल घालून निघून गेला, नंतर विसरलेला टॉवेल न्यायला परत आला आणि बसला. शेवटी एकतीसपैकी एकोणीस जणांनी मान्य केलं. बारा बाहेर राहिले.

एकोणीस बागांची पट्टी टनामागे शंभर रुपये ठरली. बँकेचं खातं, सह्या तिघांच्या, त्यात एक बाई. पहिल्या हंगामात त्यातून शुगर मोजायचं यंत्र घेतलं आणि वायनरीच्या काट्यावर आपला एक पोरगा उभा केला. यंत्र आम्हीच वापरतो. वेलीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या घडांतले मणी काढून, रस गाळून, सकाळच्या गारव्यात मोजायचं, म्हणजे दुपारी वायनरीचा माणूस काही म्हणाला तर आपल्या वहीत आकडा असतो. दोन ठिकाणी वाद झाला आणि दोन्ही वेळा वही दाखवल्यावर मिटला. गंमत म्हणजे काटा सरळ झाला तो बाहेर राहिलेल्या बारा जणांचाही. त्यांनी एक रुपया दिला नाही. एकोणीसमधले काही आता कुरकुरतात, पुढच्या वर्षी आम्ही का द्यावे? आमच्याकडे लोडायसारखा कायदा नाही की विरोधातल्याकडूनही वसूल करावं. आम्ही त्या बारा घरी जातो. नवऱ्याशी नाही, बाईशी बोलतो. वही दाखवतो, तिच्याच बागेची तारीख आणि शुगर दाखवतो, कारण काट्यावर आमच्या पोराने त्यांचंही लिहून ठेवलंय. आतापर्यंत तीन घरांनी हो म्हटलंय. एका घरी बाईने हो म्हटलं आणि नवरा म्हणतो बघू.

गोडी छाटणीच्या आधी पुन्हा मतदान आहे, पट्टी चालू ठेवायची की मोडायची. आम्ही पाच वर्षं थांबलो नाही, पहिल्याच वर्षी घेतोय. लोकांना मोडायची मुभा दिसली पाहिजे. मोडली तर तेही आम्ही या माइकवर येऊन सांगू.

आणि त्या ताई. साखरेच्या पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्या त्यांनी मागच्या महिन्यात आम्हाला दिल्या, वहीच्या पहिल्या पानाला चिकटवायला. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून आणलाय, अक्षर सुंदर आहे. यजमानांच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. त्या म्हणतात, छाटणीच्या गडबडीत कागद पुढे करते, पाहूया. तलाठी आमच्या गावात मंगळवारी आणि शुक्रवारी बसतो. ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे सांगावं, आम्ही पोचता करू.